हानाची सहा माणसं

प्रिय रेचल आणि डॅनी,

गेल्या महिन्यात समोरच्या बिऱ्हाडातल्या बाईंचं नाव मला दुपारपर्यंत आठवलं नाही. म्हणून बहारीनची ही हकिगत आजच लिहिते. मराठी अडलं तर आईकडून वाचून घ्या.

हाना बहारीनच्या राजधानीत, मनाम्यात, माझ्या मुलाच्या म्हणजे तुमच्या मामाच्या शेजारी राहायची. पोलंडची ज्यू. हिटलरच्या छावणीतून तिच्या घरची ती एकटीच जिवंत परतली. पुढे लंडनला नर्स असताना तिने मनाम्यातल्या एका ज्यू कापडव्यापाऱ्याशी लग्न केलं. मूल नव्हतं, पुतण्या नईम आणि त्याची बायको मरियम तिला सांभाळायचे. मामाकडे मी पहिल्यांदा गेले तेव्हा दर शुक्रवारी संध्याकाळी ती मला बोलवायची आणि दिवा लावून छावणीत गेलेल्या आपल्या सहा माणसांची नावं घ्यायची.

"लिहून ठेव की," मी एकदा म्हटलं.

"याद्या करूनच त्यांना नेलं. आता कागदावर नाही." मरण्यापूर्वी तिने मरियमला नावं कधी न लिहिण्याची शपथ घ्यायला लावली.

ती गेल्याला वर्ष झालं, त्या दिवसासाठी मी पुन्हा बहारीनला निघाले. विमानतळावर कस्टमवाल्याने माझी पोह्यांची पिशवी उघडून हुंगली.

"ये क्या है?"

"चावल. चपटा."

"किसने चपटा किया?" तो हसला. "यल्ला (चला), जाओ."

दुसऱ्या दिवशी सकाळी कब्रस्तानात गेलो. ज्यूंचं ते लहानसं आवार, झाड नाही, कबरींवर धूळ. मृतांसाठीची प्रार्थना म्हणायला दहा पुरुष लागतात. नईम धरून चार आले होते.

"बाकीचे सहा?" मी विचारलं.

नईमने कबरींकडे हात केला. "इनमें से जितने चाहिए, गिन लो."

प्रार्थना झाली नाही. आम्ही रिवाजाप्रमाणे हानाच्या कबरीवर एकेक खडा ठेवून परतलो.

मरियमने लुमी (वाळवलेलं लिंबू) घालून मासळी आणि भात केला. मी पोहे, ओलं खोबरं आणि गूळ कालवून आपल्याकडच्या ज्यू घरांत करतात तो मलिदा केला. गेल्या खेपेला हानाने तो पुन्हा मागून खाल्ला होता. संध्याकाळी दिवा लावला. चार नावं घेऊन मरियम थांबली. पाचवं मी सांगितलं.

सहावं कुणालाच येईना. नईम डोळे मिटून पुटपुटत राहिला. मरियमने कपाळावर हात मारून घेतला.

"छोटी थी," ती म्हणाली. "सबसे छोटी."

त्या नावाशी येताना हानाचा आवाज नेहमी खाली जायचा. नीट ऐकू आलं नाही तरी आम्ही सगळे आमेन म्हणायचो. पुन्हा सांग, असं तिला कोण म्हणणार?

दिवा विझेपर्यंत आम्ही बसून होतो. मलिद्याला कुणी हात लावला नाही.

निघताना मरियम माझी पिशवी घेऊन टॅक्सीपर्यंत आली. दार लावता लावता वाकली.

"आंटी, कसम मैंने खाया. तुमने नहीं खाया. तुम लिखो."

घरी येऊनही मी कितीतरी दिवस पेन उचललं नाही. हानाचा शब्द मोडवत नव्हता. पण आता माझ्याच डोक्याचा भरवसा राहिलेला नाही. तेव्हा मोठ्याने वाचा.

गित्ला, आई. फ्रीदा, एस्तेर आणि ब्लूमा, बहिणी. मोशे, भाऊ.

सहावी मोशेची मुलगी. अजून अंगावर पीत होती. तिचं एवढंच उरलं आहे.