लॅबमामांनी सांगितलेला शेवट

पृथ्वीवर परग्रहवासीयांनी हल्ला केलाच, तर सरकारने लष्कराच्याही आधी आमच्या मुलुंडच्या कॉलेजातल्या लॅबमामांना बोलवावं, असं माझं ठाम मत आहे. मी तिथे मराठी शिकवते आणि मामा फिजिक्सच्या लॅबमध्ये मदतनीस होते. पण अंतराळयानं, यंत्रमानव आणि लेझरच्या बंदुकांबद्दल त्यांच्याइतक्या अधिकारवाणीने बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. कॉलेजच्या फिल्म क्लबात दर वर्षी तोच एक जुना इंग्रजी सिनेमा लागायचा. अंतराळात अडकलेल्या माणसांना एक यंत्रमानव मारामाऱ्या करत वाचवतो, अशी त्याची गोष्ट. मामांना इंग्रजीचा गंध नव्हता, पण सिनेमा त्यांनीच इतक्यांदा लावला होता की सगळ्या पात्रांशी त्यांचा घरोबा झाला होता. यानाचा कप्तान म्हणजे 'सायेब' आणि यंत्रमानव म्हणजे 'आमचो लोखंडी'. उदबत्ती ओवाळल्याशिवाय ते प्रोजेक्टर सुरू करत नसत. दार उघडलं की उजेडात यान दिसेनासं होतं, म्हणून दाराला स्टूल लावून त्यावर स्वतः बसत. एकदा प्राचार्यांनाही मध्यंतरापर्यंत बाहेर उभं राहावं लागलं होतं. आणि बसत ते पडद्याकडे पाठ करून. का, असं विचारल्यावर म्हणाले, सिनेमा तोच असतो, पोरांची तोंडं दर वर्षी नवी असतात.

त्यांच्या निवृत्तीच्या वर्षी, दुपारच्या खेळात, शेवटची पंधरा मिनिटं उरली असताना वीज गेली. पंखे थांबले, पोरं दप्तरं उचलू लागली. मामांनी प्रोजेक्टरवरून एकदा हात फिरवला. हा त्यांचा शेवटचा खेळ होता. मग ते स्टेजवर चढले आणि उरलेला सिनेमा मालवणीत सांगू लागले. स्फोट तोंडाने, दरवाजे खुर्च्या ओढून. यान सुटायची वेळ झाली आणि लोखंडी बाहेरच राहिला, तेव्हा मामा कप्तान होऊन गरजले, "लोखंडीक घेतल्याबिगर ह्या यान हलूचा नाय!" घाटकोपरच्या गुजराती घरांतली पोरंसुद्धा पुढे झुकून ऐकत होती. मधेच वीज आली, पंखे फिरू लागले, पण प्रोजेक्टर लावा असं कोणी म्हणालं नाही. लोखंडी यानात चढला, सगळे सुखरूप घरी आले आणि हॉल टाळ्यांनी दणाणला.

मी तो सिनेमा कधीच पूर्ण पाहिला नव्हता, म्हणून घरी जाऊन शेवट पाहिला. त्यात लोखंडी बाहेरून दार लावून घेतो आणि एकटा मागे राहतो. दुसऱ्या दिवशी मामांना म्हटलं, तुम्ही शेवट बदललात.

"होय," लॅबमधली भिंगं पुसता पुसता मामा म्हणाले. "परीक्षा तोंडार इली हा, मॅडम. पोरांका रडवून घराक कित्याक धाडूचा?" मग पुढचं भिंग उचलत म्हणाले, "आणि माकाय त्येका थंय एकट्याक सोडवना नाय."

मामा आता गावी सुखात आहेत. आंब्याच्या दिवसांत पेटी धाडतात. यंदा नव्या प्रोजेक्टरवर सिनेमा लागला आणि कुठेही न अडखळता संपला. पोरं डोळे पुसत, हळू बोलत बाहेर पडली. शेवट खरा तोच, आणि चांगलाही आहे. तरी पडदा पांढरा झाल्यावर, घरी जायच्या आधी, मी मामांना उगीचच फोन लावला.