कासवाच्या वरातीचं शेवटचं पान

बालवाडीतल्या दोरीवर मुलांची चित्रं टांगलीत आणि प्रत्येकात मीच आहे. मी सातवीत शाळा सुटलेली, इथली मदतनीस. मुलांना झोपवताना मी म्हणते त्या कासवाच्या वरातीच्या बडबडगीताचं बाईंनी चित्रांचं पुस्तक केलं, वर माझं नावही घातलं. एवढं कोण करतं? शेवटच्या पानावर मुलांना काम दिलंय: हे गाणं तुला कोण म्हणून दाखवतं, त्याचं चित्र काढ.

“मावशी, तुझा अंबाडा पानात मावेना गं,” एक चिमुरडी म्हणाली. मी हसले.

माझी सुमी रांगतही नव्हती, तेव्हा तिला गावी आईपाशी ठेवून मी इकडे आले. तिच्यासाठी घेतलेलं पुस्तक अजून पिशवीतच आहे. त्या पानावर ती आजी काढील, आणि बरोबरच काढील.