तांबडं लागल्यावर

देवासच्या आमच्या परसात विहीर खणायला घेतली तेव्हा मला चौथा महिना होता. मागल्या उन्हाळ्यात तळ्याच्या पायऱ्यांवर भरल्या घागरीसकट पडले आणि पोटातलं गेलं. यंदा ते होऊ द्यायचं नाही, एवढंच डोक्यात होतं.

वीस हात काळा पाषाण फोडल्यावर तांबडी माती लागली. विहीर खणणारा पहार टाकून वर आला. "बईजी, लाल माटी निकली. अब आगे नी खोदूंगा."

मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मान डोलावली. तांबडं लागलं की ते देवीचं कुंकू. त्याला पहार लावायची नाही. घरच्या सवाष्णीनं खड्ड्याची ओटी भरायची, मगच तो बुजवायचा. ओटीवाचून मातीचं ढेकूळही कोणी लोटत नसे. खण, नारळ, तांदूळ घालून ताट माझ्यापुढं आलं.

"मी ओटी भरणार नाही."

सुनेनं उलट बोलावं याची मामंजींना सवय नव्हती, मलाही नव्हती. पण माझे यजमान शाळेत भूगोल शिकवत आणि घरी मला. ज्वालामुखी म्हटलं की आग ओकणारा डोंगरच हवा असं नाही, हे त्यांनीच सांगितलेलं. पृथ्वीच्या पोटातला वितळलेला खडक भेगांतून वर आला, तरी ती ज्वालामुखीचीच क्रिया. आपला माळवा तसाच थरावर थर पसरून झाला.

"एक थर निवाला, त्यावर माती झाली," मी मामंजींना म्हणाले. "मग वितळल्या खडकाचा दुसरा रस आला आणि ती माती विटेसारखी भाजली. हे कुंकू नव्हे. याच्याखाली जाळीदार दगड असतो, पाणी त्यात साठतं."

"नक्की?"

यजमानांनाही पुरती खात्री नव्हती. "नक्की," मी म्हणाले. "पाच हात खणू द्या. नाही लागलं तर ओटी भरीन आणि पुन्हा तळ्यावर जाईन."

मामंजींनी माझ्यापुढचं ताट बाजूला सारलं. मग खणणाऱ्याकडे वळून म्हणाले, "खोद भिया. पाप लागलं तर मला लागू दे."

चौथ्या हाताला भोकाभोकांचा दगड फुटला आणि पाणी झिरपायला लागलं. विहीर बांधून झाल्यावर मी आपण होऊन ताट घेतलं. पाण्याची ओटी भरायला विहिरीच्या पायरीवर वाकले तेव्हा मामंजींनी माझा दंड धरला. सुनेला त्यांनी कधी हात लावला नव्हता.

"जपून, पोरी," ते म्हणाले. "पायरी ओली आहे."