डोंगरातल्या लॉजवर, सुनेबरोबर

या विहीणबाई, अशा जवळ सरकून बसा. फोन लांब टेबलावर टेकवता आणि पंख्याखाली बसून बोलता, निम्मं बोलणं तुमचा पंखाच खातो. आणि इकडे या म्हटलं की दर वेळी काय ते 'बघू, बघू'? न्हाणीघरात पडलात, कामवाली येईपर्यंत तशाच पडून राहिलात, आणि लेकीला कळलं ते शेजारणीकडून. हे काही बरं केलं नाहीत. मी सहसा तुमच्या मायलेकींच्या मधे पडत नाही, पण तुमच्या लेकीनं तुम्हाला न सांगितलेली एक गोष्ट आहे, ती आज सांगते. तोवर मधे बोलू नका.

एप्रिलमध्ये माझ्या मुलाच्या आणि तुमच्या लेकीच्या लग्नाचा वाढदिवस होता. सुनेनं इकडे, या देशाच्या पश्चिमेला, डोंगरात, दोन लॉज बुक केले होते. आधी एक, मग दुसरा. लॉज म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आपला एसटी स्टँडसमोरचा लॉज आला, जिन्यात पानाच्या पिचकाऱ्या मारलेला. तसं नव्हतं. हे वेलनेसवाले, पैसेवाल्या माणसांनी शिणवटा घालवायला जायचे. ऐन वेळी माझ्या मुलाच्या ऑफिसात कसलंसं रिलीज निघालं. बुकिंग रद्द होत नव्हतं. सून म्हणाली, "आई, तुम्ही चला." मी म्हटलं, "मला कसला आलाय शिणवटा?" तरी गेले. घरी बसून तरी काय करणार होते.

नावनहून, आमच्या इथल्या गावाहून, निघालो. कासलबार गाव मागे पडलं की घरं विरळ होत जातात. मग नुसते डोंगर, काळ्या पाण्याची तळी, आणि पाठीवर निळा रंग फासलेल्या मेंढ्या. पाऊस पडत होता की ढगच खाली आला होता, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

खोलीत मधोमध एकच पलंग. त्यावर गुलाबाच्या पाकळ्यांचा बदाम काढलेला. खोली दाखवायला आलेल्या बाईनं आमच्याकडे पाहिलं, पलंगाकडे पाहिलं आणि म्हणाली, "ग्रँड." इथे सगळं ग्रँडच असतं, लग्न असो की मयत. सून कानापर्यंत लाल झाली. मी पाकळ्या गोळा करून कपात घातल्या. एवढी फुलं खाली कशाला सांडायची.

तिथे फोन काउंटरवर लोकरीच्या पिशवीत ठेवून द्यायचा नियम. सुनेनं दिला खरा, पण मग दिवसभर तिला काही ना काही लागायचं. कधी छत्री, कधी टॉवेल. दर वेळी काउंटरवर जायची, पिशवीतून फोन काढून बघायची, परत ठेवायची. मी विचारलं नाही. कुणाच्या फोनची वाट बघतेय ते उघड होतं. तुम्ही पडून दोनच आठवडे झाले होते.

बाकी लॉजचं म्हणाल तर लाकडी पिंपासारख्या खोलीत बसून घाम काढायचा, मग गार पाण्यात उतरायचं. मी पिंपात बसले, पाण्यात नाही उतरले. जेवणाला मोठ्या ताटात बिटाच्या चार चकत्या. त्यात मला काही वाईट दिसलं नाही आणि फार चांगलंही दिसलं नाही.

दुसऱ्या लॉजवर मात्र संध्याकाळी सगळ्यांना शेकोटीभोवती गोल बसवलं. हातात खाजकुईलीसारख्या कुठल्याशा पाल्याचा चहा दिला आणि सांगितलं, आपण इथे का आलो ते एकेकानं बोलायचं. मला वाटलं, ओळख करून द्यायची. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत गाव सांगितलं, मुलं किती ते सांगितलं, आमचे हे पाटबंधारे खात्यात होते तेही सांगितलं. लोकांनी मान डोलावली. सून हसली. मग तिची पाळी आली.

ती आगीकडे बघत इंग्रजीत म्हणाली, "माझी आई नागपूरला एकटी आहे. तिला माझ्याकडे आणायचंय. घरात तीन खोल्या, एक आमची, एक मुलीची. तिसरी सासूबाईंची. त्यांनी आल्या दिवशीच सांगितलं होतं, मला माझी स्वतंत्र खोली लागते. मी विचारलं तर त्या नाही म्हणणार नाहीत. म्हणूनच विचारता येत नाही."

मला इंग्रजी बोलायला जमत नाही, पण समजतं सगळं, आणि हे तिला पक्कं ठाऊक आहे. समोर एक जाडजूड गृहस्थ बसले होते. त्यांचा नुकताच घटस्फोट झालेला. ते माझ्याकडे असे बघत राहिले, जसा काही निकाल मीच द्यायचा होता. मी चहा प्यायले. कडू होता. त्या रात्री सून पलंगाच्या काठाला फळीसारखी पडून होती.

सकाळी समुद्री शेवाळाची अंघोळ होती. शेजारी शेजारी दोन टब, गरम तपकिरी पाणी, त्यात हे लांबच लांब बुळबुळीत पट्टे. मी गाउन घालूनच उतरले. तोंडं एकमेकींकडे नव्हती, ते बरं होतं.

मी विचारलं, "तुझी आई घोरते का गं?"

शेजारच्या टबात पाणी हललं. मग म्हणाली, "घोरते."

"जोरात?"

"बाबा हॉलमध्ये झोपायचे."

"मग काही नाही. मी कानातलं मशीन काढूनच झोपते."

ती रडली की शेवाळाचं पाणी तोंडावर घेतलं, मी वळून पाहिलं नाही. एक पट्टा माझ्या पायाला गुंडाळला गेला होता, तो सोडवत बसले.

परत आल्यावर मुलानं माझ्या खोलीत दुसरी खाट जोडली. एक स्क्रू उरला, तो कुठला ते अजून सापडलेलं नाही; खाट डगमगत नाही. कपाट हलवलं. नातीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर तिचं इंग्रजीत, "आजी, हर प्रेस कॅन गो इन माय रूम." इथे कपाटाला प्रेस म्हणतात. म्हणजे तुमच्या कपाटाची सोय नातीनं परस्पर करून टाकली.

आता तुमचं ते, लेकीच्या घरी राहू नये म्हणून. माझ्या आईनंही ते पाळलं. माझ्याकडे पाणीसुद्धा प्यायची नाही, बाहेर अंगणात उभी राहून बोलायची. मी तुम्हाला त्यावर शिकवणार नाही. पण घर लेकीचं असलं तरी खोली माझी आहे आणि बोलावतेय मी. तुम्ही विहिणीकडे पाहुण्या म्हणून येताय, आणि विहिणीनं बोलावल्यावर नाही म्हणायची रीत तुमच्याकडेही नसेल.

खोटं कशाला बोलू, मला एकटीनं झोपायची सवय आहे, जड जाईल. तुम्हालाही जाईल. खिडकी उघडी की बंद, यावरून पहिले काही दिवस भांडू. पहिला व्हिसा तीन महिन्यांचाच मिळतो. तेवढ्यात कोण कुणाला कंटाळतं ते बघू, पुढचं पुढे. कागद सून पाठवेल, तुम्ही सह्या तेवढ्या करा. इकडे ऑक्टोबरपासून हाडं गोठतात. त्याच्या आत या, विहीणबाई. लवकर या.