काकाजींना नको असलेली करमाफी

सरकारला मनापासून, हसतमुखाने कर देणारा माणूस साऱ्या वर्धा जिल्ह्यात एकच आहे, आणि कॉलेजच्या दिवसांत मी त्याच्याच घरी भाड्याने राहत होतो. आमचे घरमालक काकाजी विक्रीकर कार्यालयातून निवृत्त झालेले. तळेगावहून मी वर्ध्याला शिकायला आलो तेव्हा त्यांनी मला गाव विचारलं नाही, मार्क विचारले नाहीत. विचारलं ते एवढंच, ‘‘चायपत्तीवर कर किती लागते, सांग बरं.’’ मला सांगता आलं नाही. ‘‘बी.कॉम.ले हाये आन हे माईत नाई? मंग इथंच राह्य. शिकवतो,’’ ते म्हणाले. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिलाच. माझं निम्मं वाणिज्य मी त्यांच्या ओसरीवर शिकलो, हे मला मान्य केलंच पाहिजे.

काकाजींचा खरा जीव मात्र करमाफीवर. त्यातही औषधांच्या. नोकरीभर दुखणाईतांकडूनही कर घेतला, याची रुखरुख असावी. सकाळी पूजा आटोपली की ते चौकातल्या मेडिकलसमोर स्टुलावर जाऊन बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचं बिल भिंगातून वाचत. कोणत्या औषधावरचा कर उतरला, कोणत्यावरचा पार गेला, हे गिऱ्हाइकाला समजावल्याशिवाय त्याला पायरी उतरू देत नसत. एकदा पवनारच्या बसमध्ये एका म्हाताऱ्याच्या हातात औषधांची पिशवी पाहून ते म्हणाले, ‘‘बिल दाखवा.’’ म्हाताऱ्याने मुकाट्याने तिकीट काढून दिलं. काकाजींनी तेही तपासलं. ‘‘हे बी बरोबर हाये,’’ म्हणून परत केलं. औषधांवरचा कर कमी झाल्याची बातमी आली, त्या दिवशी त्यांनी गल्लीभर पेढे वाटले. उरलेले स्वतः खाल्ले. ‘‘गोळ्या स्वस्त झाल्या म्हून शुगर वाढवून घेतली यायनं,’’ काकू आठवडाभर सांगत होत्या.

काकूंचं सांगणं मात्र हळूहळू कमी झालं, कारण काकाजींना ऐकू येईनासं झालं. पूर्वी संध्याकाळी ओसरीवर तांदूळ निवडता निवडता काकू दिवसभराचं सगळं त्यांना सांगत. कोणाची सून माहेरी गेली, कोणाच्या घरी कशावरून वाजलं. आता त्या गप्प बसून निवडत. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, ‘‘काय सांगू रे बाप्पा? शेजारनीची गोष्ट वरडून सांगू का? तिलेच आयकू जाईन.’’ त्या हसल्या, पण ताटातले खडे पुन्हा पुन्हा चाळत राहिल्या.

डॉक्टरांनी कानाचं यंत्र सांगितलं होतं. काकाजी अडून बसले. अडचण ऐकून चौकातल्या मेडिकलच्या दुकानदाराने कपाळाला हात लावला. श्रवणयंत्रावर कर नाही. अख्ख्या गावाला माफी समजावून सांगणाऱ्या माणसाला स्वतःला माफी नको होती. ‘‘लोकायच्या कराच्या पैशानं माहं घर चाललं. पेन्शन बी त्याचीच. मी माफीची वस्तू काऊन घेऊ? मले कर लावा, मंग घेतो.’’

‘‘काकाजी,’’ दुकानदार ओरडून म्हणाला, ‘‘माफ वस्तूवर कर घेतला तं मलेच पकडतीन. तुमीच शिकवलं ना.’’

हे काकाजींना पटलं, म्हणूनच पेच सुटेना. त्या दिवशी ते यंत्राविना घरी आले आणि काकूंच्या शेजारी बसून राहिले. ताट दोघांच्या मध्ये होतं.

दुसऱ्या दिवशी काकू स्वतः मला घेऊन दुकानात गेल्या. काकाजी स्टुलावर होतेच. काकूंनी यंत्र हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि विचारलं, ‘‘हे चालते कशावर?’’

‘‘सेलवर.’’

‘‘सेलवर कर हाये?’’

‘‘हाये ना. चांगला घसघशीत.’’

‘‘आन सेल किती दिवस पुरते?’’

‘‘आठ-दहा दिवस, काकू. मंग नवीन.’’

काकूंनी नवऱ्याच्या कानाशी तोंड नेलं. ‘‘अजी, जल्मभर कर भरत राह्यसान. झालं समाधान?’’

काकाजींनी भिंग काढून सेलच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचली. मग दुकानदाराकडे कान पुढे केला. ‘‘बसव,’’ ते म्हणाले.

त्या संध्याकाळी काकू सवयीने मोठ्याने बोलू लागल्या तर काकाजींनी हात वर केला. ‘‘हळू बोल. पोरगा अभ्यास करून राह्यला.’’

मी आता नागपूरला नोकरी करतो. पगारातून पहिल्यांदा कर कापला गेला तेव्हा सगळ्यांत आधी काकाजींना फोन केला, आणि त्यांनी लेकाचं लग्न ठरल्यासारखा आनंद केला. गेल्या दिवाळीत भेटायला गेलो, तेव्हा उन्हं कलली होती. फाटकातून दिसलं, दोघं ओसरीवर डोक्याला डोकं लावून बसले होते. काकू काहीतरी सांगत होत्या, काकाजी मान हलवत होते. मला एक शब्दही ऐकू आला नाही. फाटकाची कडी फार वाजते, हे मला माहीत होतं. तिच्यावर हात ठेवून मी तसाच थोडा वेळ उभा राहिलो.