शाळेची उन्हाकडची भिंत

मी पत्रकं वाचत वाढलो. वडील इंदापूरच्या बाजारात सभांची पत्रकं वाटायचे आणि उरलेल्यांच्या कोऱ्या पाठीवर मी अक्षरं गिरवायचो. निमगाव केतकीला मास्तर म्हणून गेलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात शाळेच्या पश्चिमेच्या भिंतीवर गेरूने हातभर अक्षरांत लिहिलं: 'मोकळी हवा हा प्रत्येक मुलाचा हक्क आहे.'

आत मात्र हवाच नव्हती. शाळेला खिडक्या दोनच, दोन्ही दक्षिणेला. दक्षिणेच्या भिंतीवर हिवाळाभर ऊन, म्हणून आसपासच्या बायका तिथे गोवऱ्या थापत. खिडक्यांची दारं बाहेर उघडणारी. त्यांच्या कडांवरही गोवऱ्या थापल्या की ती हलत नसत. मग भरदुपारी कंदील. ती खोली आता आठवते ती पाण्याखालच्या गावासारखी. पिवळा उजेड, रॉकेलचा वास, हळूहळू जड होत जाणारे पाढे. दूरच्या गुऱ्हाळाचा गोड वास कौलांतून झिरपायचा आणि पेंगुळलेल्या पापण्यांवर येऊन बसायचा.

सातवीत मुलगी एकच. परीक्षेचा ध्यास होता, म्हणून ती कंदिलाला खेटून बसे आणि रोज डोकं धरून घरी जाई. एक दिवस तिची आई शेणाच्या हातांनीच दारात आली.

"गुरुजी, उद्यापासनं पोरगी यायची न्हाय. शिकून शिकून डोस्कं दुखतंय तिचं."

"मावशी, डोकं शिकण्याने नाही, कोंडलेल्या हवेने दुखतंय. खिडक्यांजवळच्या गोवऱ्या काढा."

"आन् तुमच्या हवंवर भाकरी भाजती व्हय?"

मी हवेवर, उजेडावर, न्यायावर बोलत सुटलो. तिने ऐकून घेतलं.

"सभंत बोलल्यावानी बोलू नका. हितं मी एकटीच हाय."

मुलगी चौकटीला टेकून अंगठ्याने जमीन उकरत होती. तिच्याकडे पाहून माझा आवाज खाली आला.

"एक दुपार तुम्हीच तिच्या जागेवर बसा. मग न्या तिला."

ती खरंच आली. पोरांच्या ओळीत, लेकीला चिकटून बसली. मी इतिहास सुरू केला. थोड्या वेळाने तिची मान झुकली, सावरली, पुन्हा झुकली. पोरं हसू दाबत होती. शेवटी कपाळ चोळत ती उठली.

"आरं द्येवा, हितं म्हसबी दावं तोडून पळंल!"

बाहेर जाऊन तिने स्वतःच खिडक्यांभोवतीच्या गोवऱ्या उतरवल्या. दारं करकरली आणि उन्हाचा एक पट्टा आत येऊन पाटीदप्तरांवर आडवा झाला. त्यात धूळ तरंगत होती, जणू तिला कुठे जायचंच नव्हतं. मी कंदील विझवला.

"आता ह्या कुठं थापू?" खिडकीतून तिने विचारलं. "का चुलीलाबी इतिहास शिकवू?"

दुपार कलत होती. ऊन पश्चिमेच्या भिंतीवर गेलं होतं. घोषणा लिहिल्यापासून मी त्या भिंतीला कुणाला हात लावू दिला नव्हता. तिने नुसतं तिकडे पाहिलं. लेकीने माझ्याकडे पाहिलं.

"थापा," मी म्हणालो.

पहिली गोवरी 'हक्क'वर बसली.

मुलगी येत राहिली. थंडीत आम्ही एक खिडकी उघडी ठेवायचो, एक लोटून घ्यायचो, आणि सगळा वर्ग उन्हाच्या पट्ट्याबरोबर सरकत जायचा. वाळलेल्या गोवऱ्या निघत, तेव्हा त्यांच्या पाठीला गेरू चिकटून येई. माझं वाक्य असं गोवरीगोवरीने गावातल्या चुलींत गेलं. आजही ते मला शब्दशः मान्य आहे.

परीक्षेसाठी आम्ही एसटीने इंदापूरला निघालो. मुलगी खिडकीशी बसली होती, काच पूर्ण खाली केलेली, केस वाऱ्यावर. वाटेत तिने फडकं सोडून माझ्यापुढे भाकरी धरली.

"आईनं दिलीया. म्हनली, गुरुजींना सांग, तुमच्या भिंतीवरच्या गोवरीवर भाजलीया."