मामाजींना न पटलेलं रिव्हॉल्वर

माझ्या मामाजींनी आयुष्यात एकही वस्तू पहिल्या फेरीत घेतली नाही. टॉर्च चौथ्या फेरीत, मामीच्या चपला तिसऱ्या फेरीत, आणि म्हशीसाठी तर इतक्या फेऱ्या झाल्या की विकणाऱ्याने ती मधल्या मधे दुसऱ्यालाच देऊन टाकली. रिकामी पिशवी खांद्यावर टाकून परत यायचे आणि ओसरीत टेकता टेकता म्हणायचे, "मले नाही पटलं." काय पटलं नाही, ते सांगायची पद्धत नव्हती. अशा माणसासोबत रिव्हॉल्वर निवडायची वेळ माझ्यावर आली. मी कॉलेजच्या कार्यालयात हेडक्लार्क. भाजीलाही यादी करून जाते. आमचं जमणार कसं?

कारण मात्र गंभीर होतं. मामाजी आणि मामी चोरखमारा तलावाच्या खालच्या अंगाला, शेतातल्या घरात दोघंच राहत. गाव दिसायचं, पण हाक पोचायची नाही. एका दुपारी मामाजी धानाच्या बांधीत असताना दोन माणसं पाणी मागायला आली आणि मामीच्या गळ्यातली पोत ओढून पळाली. मानेवरचा वळ आठवड्यात गेला. मामी मात्र दिवसाढवळ्या आतून कडी लावून स्वयंपाक करू लागली. मामाजी विहिरीवर निघाले तरी मागोमाग जायची. मी म्हटलं, फुलचूरला आमच्या शेजारच्या खोल्या रिकाम्या आहेत, तिथे या.

मामाजी ताडकन म्हणाले, "पोवार आहो मी. आपले पूर्वज माळव्यातून तलवारी घेऊन आले, अन मी बायकोले घेऊन पळून जाऊ? लायसन काढ."

काढलं. अर्ज, फोटो, सातबारा, डॉक्टरांचा दाखला, सगळं माझ्या फायलीत क्रमाने. चौकशीला आलेल्या पोलिसांनी विचारलं, "धोका कोणापासून आहे?" मामाजी म्हणाले, "तो नाव सांगून आला असता तर तुमाले कायले बोलावलं असतं?" मी घाईघाईने चहा पुढे केला. मामाजींनी कप डाव्या हाताने घेतला. तेव्हा मी ते पाहिलं, पण कुठे नोंदवलं नाही.

परवाना मिळाल्यावर मी तक्ता केला. वजन, नळीची लांबी, मूठ, दुरुस्तीची सोय, घरात कुलूपबंद ठेवायची जागा, असे सतरा रकाने. पिस्तूल की रिव्हॉल्वर, याचाही निकाल लावला. रिव्हॉल्वर साधं असतं. एखादी गोळी उडाली नाही तर पुन्हा चाप ओढायचा, बाकी खटपट नाही. कुलपाच्या कपाटावर मामाजींनी तक्ता बघताच हरकत घेतली. "चोर आला तर त्याले म्हणू का, बस बाप्पा, किल्ली शोधून राहिलो?"

नागपूरच्या दुकानात पहिल्या फेरीला म्हणाले, "काळं आहे. दसऱ्याले शस्त्रांच्या पूजेत ठेवाचं आहे, काळी वस्तू कायले ठेवू?" दुसऱ्या फेरीला दुकानदाराने चकचकीत पांढऱ्या पोलादाचं दाखवलं, तर नळी आखूड निघाली. तिसऱ्या फेरीला लांब नळीचं आलं, तर मूठ गुळगुळीत. दर वेळी हातात घ्यायचे, तोलायचे, ठेवून द्यायचे. "मले नाही पटलं." परतीच्या गाडीत मी तक्त्यावर काट मारत बसायची आणि समोर ते शांतपणे शेंगदाणे खायचे. माझ्या रजा संपत होत्या. परवान्यावर शस्त्र घ्यायची मुदत लिहिलेली असते, तीही संपत आली होती.

चौथ्या फेरीला मामीही आली, कारण या खेपेला सोबतीला कोणी मिळालं नाही आणि ती घरी एकटी थांबेना. दुकानदाराने रिव्हॉल्वर उघडून गोळ्यांची सगळी घरं रिकामी असल्याचं दाखवलं आणि ते मामाजींच्या हातात दिलं. मी ठरवूनच आले होते. म्हटलं, "मामाजी, आज कारण चालणार नाही. भिंतीकडे धरा आणि चाप ओढून बघा."

"नंतर पाहू."

"अंकल, एक बार खींचिए तो," दुकानदारही म्हणाला.

मामाजींनी भिंतीकडे धरलं. बोट चापावर गेलं आणि तिथेच थांबलं. त्यांनी पुन्हा जोर लावला, तरी चाप हलला नाही. मळणीयंत्राच्या पट्ट्यात उजव्या हाताची ती बोटं कधीकाळी सापडली होती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. ती किती कामातून गेलीत, ते त्यांनी कोणाला कळू दिलं नव्हतं. डॉक्टरांनी डोळे तपासले, रक्तदाब तपासला. मी सतरा रकाने आखले. त्यात हात नव्हता.

मामीने रिव्हॉल्वर त्यांच्या हातातून अलगद काढून घेतलं, भिंतीकडे धरलं आणि ओढलं. खट, खट, खट. विहिरीचं पाणी ओढलेलं मनगट ते.

मामाजी म्हणाले, "लायसन चुकीच्या माणसाच्या नावानं निघालं वो बाई."

मामीने रिव्हॉल्वर काउंटरवर ठेवलं. "मले हे नाही पायजे. मले शेजार पायजे."

महिनाभरात दोघं फुलचूरला आली. शेती गावातल्या एकाला बटईने, पिकाच्या वाट्यावर दिली. मामी दार उघडं टाकून स्वयंपाक करू लागली आणि समोरच्या बाईशी भांडूही लागली, तेव्हा मला बरं वाटलं. माझा राग मात्र गेला नव्हता. एकदा विचारलंच, "पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर? चार फेऱ्या, सगळ्या रजा!"

"सांगतलं असतं तर तुया यादीतून मलेच खोडलं असतं तू," ते म्हणाले.

खरं होतं. खोडलं असतं. एका रेघेत.

पुढे चार वर्षं ते आमच्या शेजारी राहिले. त्यातले दोन महिने फाटकाची कडी निवडण्यात गेले. मागच्या हिवाळ्यात ते गेले. ती कडी अजून नीट लागते.

परवा मामीसाठी कुकर घ्यायला गेले. आता माझ्या प्रत्येक यादीत पहिली ओळ असते : वापरणार कोणाचा हात? मामीला सोबत नेलं, दुकानातच झाकण लावायला लावलं. मनगटं आता पहिल्यासारखी राहिली नाहीत. पहिलं लागेना, दुसरं लागलं तर निघेना, तिसऱ्याला तिने दोन्ही हात लावले.

दुकानदार कंटाळून म्हणाला, "मॅडम, सब लोग यही ले जाते हैं. दिक्कत क्या है?"

तिच्या हातांबद्दल मी त्याला कशाला सांगू?

"मले नाही पटलं," मी म्हटलं, आणि रिकामी पिशवी खांद्यावर टाकली.